‘मस्त आहे’च्या पुढे काय? क्राफ्ट बिअर चाखणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की नवनवीन क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात बनणारी) चाखताना तुमचं कुठे अडतं ते कळवा, तर नाशिककरांनी पत्रांचा ढीगच लावला. वाइनचं गाव ना आपलं, २००० साली सुलाची पहिली वाइन आली तेव्हापासून पाहुण्यांना गंगापूर धरणाकडे न्यायचं, ग्लास गोल फिरवायचा, त्यात नाक खुपसायचं हे इथल्या बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलंय, पण तीच माणसं बिअर समोर आली की थेट कॅन तोंडाला लावतात, असं का ते देव जाणे. काही पत्रं फारच लांब होती, ती कापलीत, रागावू नका. आणि हे सगळं २१ पूर्ण झालेल्यांसाठी, बाकीच्यांनी पान उलटा.

प्रश्न : आम्ही सातपूरच्या कंपनीतले पाच जण, पगार झाला की एकदा नवीन बिअर चाखायला बसतो. सहा छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागवतो. पण बोलणं ‘भारी’, ‘कडू’, ‘ठीक’ याच्या पुढे जातच नाही. एक जण मोबाइलवर दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवतो आणि मग सगळ्यांना तेच लागायला लागतं. नीट चाखायचं कसं आणि लिहायचं काय?
— अशोकनगर, सातपूर

उत्तर : आधी तो मोबाइल काढून घ्या. खरंच. एकाने ‘पेरूचा वास येतोय’ म्हटलं की बाकीच्या चौघांनाही पेरूच येतो, ग्लासात काहीही असो, आपलं नाक फार भोळं असतं. ब्रुअरीत चाखणाऱ्यांचं पॅनल बसतं तिथेही हाच नियम, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, ‘अरे वा’ सुद्धा नाही. तुम्हीही प्रत्येकाच्या हातात कागद द्या, दोन ओळी लिहू दे, मग काय भांडायचं ते भांडा.

आता चाखायचं. बिअर ओतली की फेस फुटताना वास बाहेर पडतो आणि हलके वास पहिल्या मिनिटातच उडून जातात, त्यामुळे फोटो नंतर, नाक आधी. ग्लासवर तळहात ठेवा, थोडा फिरवा, हात काढा आणि दोन-तीन छोटे छोटे श्वास घ्या, एक लांबलचक श्वास घेऊन काही होत नाही, नाक लगेच थकतं. मग घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरू द्या आणि गिळा. वाइनवाले थुंकतात पण बिअरचा कडूपणा उशिरा, गिळताना चढतो, म्हणून बिअर चाखणारे सहसा गिळतात. एक गंमत करून बघा, नाक चिमटीत धरून घोट घ्या, फक्त गोड-कडू-आंबट एवढंच कळेल, चिमूट सोडली रे सोडली की संत्रं, कॉफी, लवंग जे काही असेल ते एकदम येतं. ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बहुतेक नाकातच असतं, हे ज्याला पटत नाही त्याच्यावर हा प्रयोग आधी करा.

गार किती ते पण बघा. आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फगार, ग्लास सुद्धा फ्रीजरमधला, पाहुणचार म्हणून ठीक पण चाखायला बेकार, जीभ बधिर होते आणि वास वर येतच नाही. लागर (आपली नेहमीची फिकट, हलकी बिअर) ४ ते ७ अंशाला, एल (जरा उबेत आंबवलेली, जास्त वासाची) ८ ते १२ आणि स्टाउट (काळी, भाजलेल्या दाण्यांची) त्याहून जरा वर, इतपत ठेवली तर बोलते. थर्मामीटर घेऊन कुणी बसत नाही हे मलाही कळतं, छोटा ग्लास मुठीत धरून पाच मिनिटं गप्पा मारा, झालं. क्रम हलक्याकडून जडकडे, म्हणजे लागर, मग गव्हाची, मग पेल एल, मग आयपीए (इंडिया पेल एल, चांगलीच कडू), शेवटी स्टाउट. आयपीए आधी घेतली तर तिचा कडूपणा जिभेवर बसून राहतो आणि नंतरची बिचारी गव्हाची बिअर पाणी वाटते. मध्ये मध्ये साधं पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा. मसाला शेंगदाणे, चकली, सिगारेट हे सगळं चाखून झाल्यावर. अत्तर मारून येणारा मित्र असेल तर त्याला टेबलाच्या टोकाला बसवा.

आणि लिहायचं काय, तर इंग्रजी लेबलवरचं नाही, तुमच्या स्वयंपाकघरातलं. धणे, लवंग, संत्र्याची साल, पपनस, काकवी, खरपूस भाजलेला पाव, जास्त झालेली कॉफी, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, ओलं गवत. ‘एकदम स्मूथ, रिफ्रेशिंग’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही. त्याऐवजी ‘फेस पटकन बसला, आधी धण्याचा वास, जरा गरम झाल्यावर संत्र्याची साल, गोड कमी, अंगाने पातळ, गिळल्यावर तोंड कोरडं, मोठा ग्लास घेईन पण जेवणाआधी’ एवढं लिहा, आठ दिवसांनी तुमचा तुम्हालाही उपयोग होईल. त्याच्यावर बिअरचं नाव, प्रकार, अल्कोहोल किती टक्के, नळाची की कॅनची आणि तारीख. तारीख यासाठी की छोट्या ब्रुअरीत एकच नाव असलं तरी प्रत्येक घाणा थोडा वेगळा उतरतो, तुम्ही दिवाळीत प्यायलेली आणि मित्र होळीला पितोय ती एकच बिअर असेलच असं नाही, उगाच एकमेकांच्या जिभेला नावं ठेवता.

तुम्ही इंजिनिअर मंडळी दिसताय म्हणून एक खेळ सांगतो. तीन ग्लास, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, ओतणारा सोडून कुणाला माहीत नाही कुठली कुठे. रंगावरून कळू नये म्हणून सरळ स्टीलचे पेले घ्या. वेगळा ग्लास ओळखायचा. ब्रुअरीत मालाची तपासणी करताना ही चाचणी रोज वापरतात, तिला ट्रँगल टेस्ट म्हणतात. नुसता तुक्का लागायची शक्यता तिनात एक असते, त्यामुळे एकदा बरोबर आलं म्हणून कॉलर ताठ करायची नाही, परत परत करा. जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तो इथे हमखास आपटतो, हा माझा अनुभव.

प्रश्न : गव्हाची बिअर घेतली तर मला चक्क पिकलेल्या केळ्याचा वास आला. मिस्टर म्हणतात तुला कुठेही केळीच दिसतात, माहेर जळगावचं ना! त्यात खरंच केळं घालतात का?
— इंदिरानगर

उत्तर : ताई, तुमचं नाक शंभर टक्के बरोबर आहे, मिस्टरांना हे पान वाचायला द्या. केळं घातलेलं नसतं, तो वास यीस्टचा. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे हेफेवायझनमध्ये, जे यीस्ट वापरतात ते आंबताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही तेच असतं. सोबत लवंगेचा वास येतो तोही यीस्टचाच. आंबवण जरा उबदार ठेवलं तर केळं पुढे येतं, थंड ठेवलं तर लवंग, त्यामुळे दोन ठिकाणची हेफेवायझन शेजारी ठेवून कुणात केळं जास्त आणि कुणात लवंग हे शोधायला मजा येते. बव्हेरियात तर १५१६ च्या नियमाप्रमाणे बिअरमध्ये जव, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) आणि पाणी सोडून काही चालायचंच नाही, गव्हाला सुद्धा वेगळी परवानगी लागायची, तिथे केळं कोण घालू देणार.

पण धणे आणि संत्र्याची साल आली तर ती मात्र खरोखर घातलेली असते, ती बेल्जियमची विटबिअर, गव्हाचीच पण घराणं वेगळं. ह्यूगार्डन गावात हा प्रकार पूर्ण बंद पडला होता आणि १९६० च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने तो परत सुरू केला, आज जगभर जी विटबिअर मिळते ती त्याच्यामुळे. मेन्यूवर दोन्हींना नुसतंच ‘व्हीट’ लिहितात आणि गोंधळ होतो, तेव्हा ऑर्डर देतानाच विचारा जर्मन का बेल्जियन.

बाटलीतली हेफेवायझन असेल तर शेवटचा दोन बोटं भाग बाटलीतच ठेवायचा, बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट हलवायचं आणि मग तो गढूळ भाग फेसावर ओतायचा. काही जण ‘खराब झाली’ म्हणून तोच फेकून देतात, अरेरे.

प्रश्न : मुलाने हौसेने आयपीए पाजली. अहो, कडू काढा परवडला! एवढे पैसे देऊन लोक हे का पितात? आणि मुलगा सांगतो की ही बिअर खास इंग्रजांनी हिंदुस्थानसाठी शोधली, खरं का?
— नाशिकरोड

उत्तर : काका, अर्धं खरं. लंडनच्या बो ब्रुअरीचा हॉजसन अठराव्या शतकाच्या शेवटाला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना बिअर विकायचा, ती इथे यायची, पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडातल्या बर्टन गावचे ब्रुअर या धंद्यात उतरले, इथपर्यंत बरोबर. पण ‘जहाजात बिअर नासायची म्हणून कुणीतरी डोकं लावून हॉप्स वाढवले आणि आयपीएचा शोध लागला’ ही गोष्ट जरा जास्तच गोड आहे, जास्त हॉप्स घातलेली फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होती आणि काळी पोर्टर सुद्धा त्याच जहाजांतून आपल्याकडे येत होतीच की.

कडूपणाचं म्हणाल तर तो आयबीयूत मोजतात. तुमची नेहमीची लागर दहा-पंधराच्या आसपास असते आणि अमेरिकन पद्धतीची आयपीए ४० ते ७०, म्हणजे तुम्ही एकदम तळमजल्यावरून गच्चीवर गेलात. लोक पितात ते कडूपणासाठी कमी आणि हॉप्सच्या वासासाठी जास्त, सिट्रा, मोझेइक असल्या हॉप्सना पपनस, आंबा, पॅशनफ्रूटचा काय वास असतो म्हणून सांगू. मुलाला म्हणा पुढच्या वेळी हेझी आयपीए माग, अमेरिकेच्या व्हरमाँटकडून आलेला प्रकार, दिसायला ज्यूससारखी गढूळ, हॉप्स शेवटी शेवटी घालतात म्हणून वास भरपूर आणि कडूपणा बराच कमी. तीही नाही आवडली तर सोडून द्या, जबरदस्ती थोडीच आहे. ‘आवडली नाही, कडूपणा गिळल्यावर पाच मिनिटं राहतो’ हे सुद्धा चांगलं मत आहे, मुलाला कारणासकट सांगा म्हणजे तो पुढच्या वेळी नीट निवडेल.

प्रश्न : मिसळीबरोबर कुठली बिअर?
— पंचवटी

उत्तर : मिसळ सकाळी आणि बिअर संध्याकाळी, नाशिकात याच्यावर वाद नको! पण संध्याकाळची मिसळ असेलच तर आयपीए अजिबात नाही, हॉप्सचा कडूपणा आणि वरचं अल्कोहोल दोन्ही तिखटाला आणखी भडकवतात, काळ्या रश्श्यावर आयपीए म्हणजे कानातून धूर. गव्हाची नाहीतर थोडी गोडसर अंबर एल घ्या, कमी अल्कोहोलची. आणि मत लिहायला बसणार असाल तर मिसळ नंतर.

प्रश्न : आमची मखमलाबादला द्राक्षबाग आहे, थॉमसन. भाव पडला की माल कुठे घालावा कळत नाही. भाच्याने कुठेतरी द्राक्ष घातलेली बिअर प्यायली, म्हणतो भारी होती. आपल्या द्राक्षाची बिअर होईल का? टाकीत घालून बघू का?
— मखमलाबाद

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : घरी टाकीत काही घालू नका. परवान्याशिवाय दारू तयार करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, हौस म्हणून केली तरी. जे करायचं ते परवाना असलेल्या ब्रुअरीबरोबर.

बाकी भाच्याने प्यायली ती खरी गोष्ट आहे. इटलीत बिअरच्या घाण्यात द्राक्षाचा रस घालायची पद्धत चांगली रुजलीय, इटालियन ग्रेप एल म्हणून तो वेगळा प्रकार धरला जातो. पण तिथे वाइनची द्राक्षं वापरतात आणि तुमचं थॉमसन खायचं द्राक्ष आहे, इथेच खरी मेख आहे. थॉमसनमध्ये गोडी भरपूर पण स्वतःचा वास जवळजवळ नाही आणि पिकेपर्यंत आंबटपणाही उतरतो. यीस्ट ती सगळी साखर खाऊन टाकतं, मागे काय उरतं तर थोडं पातळ पाणी आणि वाढलेलं अल्कोहोल. हिशोबच बघा, ५ टक्क्यांची २०० लिटर बिअर आहे, तिच्यात १८ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) ४० लिटर रस घातला, तो रस एकटा आंबला तर साधारण १० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे सगळं मिळून बिअर ५.८ च्या घरात गेली, बिअर चढी झाली पण द्राक्ष कुठाय ते शोधावं लागेल. जवाच्या माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांतल्या) काही साखरी यीस्टला पचत नाहीत म्हणून बिअरला अंग राहतं, द्राक्षाचं तसं नाही.

त्यामुळे ब्रुअरशी बोलताना नुसता ‘माल आहे, घेता का’ असं नका विचारू. आपल्याच भागात वाइनसाठी लावलेलं चेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ, शिराझ आहे, त्यातलं काही ओळखीत असेल तर थोडं त्याचं आणि थोडं तुमचं असा छोटा घाणा करून बघता येईल. शिराझची साल आत ठेवली तर रंग येतो, तुरटपणाही येतो, तो किती हवा ते चाखूनच ठरवायचं. आणि फवारणीचं रजिस्टर बरोबर न्या, विशेषतः गंधकाचं. भुरीसाठी उशिरा मारलेलं गंधक मण्यांवर राहिलं तर आंबताना त्याचा सडक्या अंड्याचा वास सुटतो, वाइनवाले या एका गोष्टीला जाम घाबरतात. काढणीआधी किती दिवस फवारणी बंद होती हे तुम्ही आपणहून सांगितलंत तर समोरचा निम्मा तिथेच पटेल.

भाव पडल्यावर सगळा माल खपवायचा हा रस्ता मात्र नाही, छोटी ब्रुअरी घेऊन घेऊन किती घेणार, काही क्रेट. नाव होईल, बाग दाखवायला लोक येतील, एवढीच अपेक्षा ठेवा.

प्रश्न : एका ठिकाणी (नाव छापू नका) लागर मागवली तर लोण्याचा, बटर पॉपकॉर्नचा वास. वेटरला सांगितलं तर म्हणाला, ‘सर ही स्टाइलच अशी आहे.’ परत करायला हवी होती का?
— गंगापूर रोड

उत्तर : करायला हवी होती, हो. त्या लोण्याच्या वासाला डायअ‍ॅसिटिल म्हणतात. आंबवताना तो थोडा तयार होतोच पण यीस्टला आणखी काही दिवस दिले की तेच तो परत खाऊन टाकतं, घाई करून बिअर लवकर गार केली की आतच राहतो. चेक लागर किंवा जुन्या इंग्लिश बिटरमध्ये पुसटसा चालवून घेतात, म्हणून वेटर अगदीच थापा मारत होता असं नाही, पण पॉपकॉर्न खाल्ल्यासारखं वाटत असेल तर तो दोषच.

दुसरं कारण नळाची नळी. ती वेळेवर साफ केली नाही की जंतू बसतात आणि लोणी व आंबटपणा दोन्ही तिथून येतं. ओळखायची सोपी युक्ती, त्याच ठिकाणी दुसरी अगदी वेगळी बिअर चाखायला मागा, तिच्यातही लोणी असेल तर दोष बिअरचा नाही, नळीचा. दर दोन आठवड्यांनी नळ्या साफ कराव्यात असं अमेरिकेतली ब्रुअर्सची संघटना सांगते, आपल्याकडे कोण किती पाळतं ते तुम्हीच विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

बाकीचे वास पण लक्षात ठेवा. उकडलेला मका किंवा कोबी आला तर उकळी नीट झाली नाही. हिरवं कच्चं सफरचंद म्हणजे बिअर अजून कोवळी, घाईने काढलीय. ओला पुठ्ठा म्हणजे हवा लागलीय, जुनी झालीय. व्हिनेगर म्हणजे व्हिनेगरच. पण सावर, म्हणजे मुद्दाम आंबट केलेली बिअर, मागवून आंबट आहे म्हणून तक्रार करणारेही बघितलेत मी, तेव्हा आधी मेन्यू वाचा!

कधीकधी बिचारी बिअर ठीक असते, ग्लास घाण असतो. ग्लास उजेडात धरा. बिअरच्या पातळीखाली काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेत का बघा, चिकटलेत तर तिथे तेलकट काहीतरी किंवा साबण राहिलाय. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एकेक कड काचेवर राहते.

तक्रार करताना ‘बेकार आहे’ म्हणू नका, वाद होतो. ‘मला लोण्याचा वास येतोय, तुमच्या ब्रुअरला जरा चाखायला सांगाल का’ असं म्हणा. चांगला ब्रुअर धावत येतो. आणि नंतर कुठे मत लिहिलंत तरी असंच लिहा, वास कसला, कुठल्या तारखेला, नळाची का कॅनची. नुसता एक स्टार देऊन मोकळं होण्यात काही राम नाही.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एकाने एका कॅनला पाचपैकी पाच दिले, मी तीच बिअर सिडकोतल्या दुकानातून आणली तर फुळकवणी लागली, वास काहीच नाही. त्याची जीभ खराब का माझी?
— सिडको

उत्तर : दोघांच्याही जिभा ठणठणीत असतील, कॅनच्या बुडाची तारीख बघा आधी. हॉप्सचा वास सगळ्यात आधी मरतो, आयपीए भरल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्यावी, तीही गार ठेवलेली. ब्रुअर लोकांत एक अंदाजाचा हिशोब चालतो तीन-तीस-तीनशे असा, म्हणजे ३२ अंशाला ३ दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं तेवढं २२ अंशाला ३० दिवसांत आणि ३ अंशाला ३०० दिवसांत. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा, पारा चाळिशीला टेकलेला, दुकानदाराने खोकी बाहेर रचलेली आणि तुम्ही आलात की त्यातला एक कॅन फ्रीजरमध्ये टाकून ‘चिल्ड आहे साहेब’. चिल्ड आहे पण आतून म्हातारी झालीय. फ्रीजमधलीच मागा, आणि ती फ्रीजमध्ये कधीपासून आहे ते पण विचारा. हिरवी किंवा बिनरंगी काचेची बाटली उन्हात, ट्यूबलाइटखाली राहिलेली असेल तर घेऊच नका, उजेडाने हॉप्समधलं द्रव्य बिघडून एक कुबट वास सुटतो, तपकिरी बाटली त्यातल्या त्यात सांभाळते, कॅनला ती भीतीच नाही.

आणि मित्राला विचारा, त्याने ती कुठे प्यायली. पुण्यात ब्रुअरीच्या नळावर प्यायली असेल तर ते पाच मार्क तुमच्या कॅनचे नव्हतेच.

प्रश्न : मी पीत नाही, मैत्रिणींना घरी सोडायचं काम माझं. सगळ्या चाखत, लिहीत बसतात आणि मी सोडा पीत कंटाळते. एवढे एवढेसे ग्लास असतात, त्यांना तर काही होत नाही म्हणतात, तर गाडी त्यांनीच चालवली तर?
— कॉलेज रोड

उत्तर : नाही. एवढेसे ग्लास बेरीज केले की एवढेसे राहत नाहीत. १०० मिलीचे सहा ग्लास, सरासरी ६ टक्के धरले तर ३६ मिली शुद्ध अल्कोहोल झालं, ५ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये १६.५ मिली असतं, म्हणजे सॅम्पलर संपला तेव्हा दोन कॅनच्या वर गेलं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी तुम्हीच चालवा, नाहीतर सगळ्यांनी रिक्षा करा.

पण कंटाळायचं कारण नाही हो, तुम्ही तर त्या टेबलावरचं सगळ्यात कामाचं नाक आहात. चौथ्या ग्लासानंतर त्यांची लिहिण्यातली अक्कल कमी व्हायला लागते, तुमची तेवढीच राहते. सगळे ग्लास आधी तुम्ही हुंगा, तुमची यादी वेगळ्या कागदावर करा, त्यांच्या याद्या झाल्या की ताडून बघा. ग्लासांवर नंबर टाकून कुठला कुठे हे गुपित पण तुम्हीच ठेवा, वर सांगितलेली तीन ग्लासांची चाचणी घ्यायला न पिणारं माणूसच लागतं. शक्य असेल तर ब्रुअरला मूठभर माल्ट मागा, देतात बरेच जण, फिकट, भाजलेला, काळा असे दाणे चावून बघा, फिकट दाणा बिस्किटासारखा गोड, काळा पार कॉफी. स्टाउटमध्ये कॉफी कुठून आली ते मैत्रिणींआधी तुम्हाला कळेल.

प्रश्न : टॅपरूममधून (ब्रुअरीच्याच बारमधून) ग्राउलर, म्हणजे नळाची बिअर न्यायची मोठी बाटली, भरून घरी आणला तर किती दिवस टिकतो? चार दिवसांनी पाहुणे येणार आहेत.
— पाथर्डी फाटा

उत्तर : पाहुणे येतील त्याच दिवशी आणा. न उघडलेला ग्राउलर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस बरा राहतो, त्यातही काठोकाठ भरलेला असेल तर, रिकामी जागा म्हणजे हवा. एकदा उघडला की त्याच रात्री संपवायचा, दुसऱ्या दिवशी गॅस गेलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी ओला पुठ्ठा सुरू. येताना गाडीच्या डिकीत उन्हात नको, बर्फाच्या डब्यात घाला, घरी आल्यावर उभाच ठेवा, आडवा नाही. आणि ग्राउलर आधी वापरलेला असेल तर भरायला देण्याआधी त्याचं झाकण काढून आत हुंगून बघा, मागच्या बिअरचा वास येत असेल तर गरम पाण्याने धुवून, उपडा ठेवून वाळवून मग न्या, साबण नको.